बाबांची ग्रामगीता बंद पडली, आईचं भजन सुटलं, आता काय करावं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही पुण्यात. आईबाबा आर्वी तालुक्यातल्या गावात, दोघंच. बाबा ७२ वर्षांचे, १४ वर्षांपासून मधुमेह, सोबत बीपी. आई ६७ वर्षांच्या, गुडघे धरलेले, बीपीची गोळी सुरू. बाबा माळकरी, एकादशी सोडत नाहीत, आणि यंदा कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेच्या पालखीसोबत पायी पंढरपूरला जायचं म्हणतात. रोज संध्याकाळी ग्रामगीता वाचायचे, ती चार महिन्यांपासून बंद आहे. विचारलं की "मन लागत नाही" एवढंच सांगतात. आईनं गुरुवारच्या भजनाला जाणं सोडलं. उपासाच्या दिवशी गोळी घेतली तर उपास मोडतो का, हा आईचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिला आहे. गावातले सगळे म्हणतात वय झालं, असंच चालायचं. तुम्हाला ते पटत नाही, आणि दोघांना पुण्याला आणावं का हे तुम्हाला ठरवता येत नाही.

मलाही ते पटत नाही. मी ३१ वर्षांपासून अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं तुमच्या आईबाबांसारखीच आहेत: पोरं पुण्या-मुंबईला, घरी दोन जीव, अंगणात तुळस, खुंट्याला एखादी गाय. तुम्हाला वारीची आणि एकादशीची काळजी वाटते. मला त्याहून जास्त काळजी वाटली ती बंद पडलेल्या ग्रामगीतेची आणि सुटलेल्या भजनाची.

पोथी मोठ्यानं वाचायला काय काय लागतं बघा. डोळ्याला अक्षर दिसावं लागतं. ओवी संपेपर्यंत दम पुरावा लागतो. जीभ वळावी लागते, मागची ओवी ध्यानात राहावी लागते, अर्धा-पाऊण तास कंबर सरळ ठेवून बसता यावं लागतं. आणि मुळात बसावंसं वाटावं लागतं. यातलं एक जरी बिघडलं तरी वाचन अडखळतं, आणि ते रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसायच्या कितीतरी आधी घरात ऐकू येतं. म्हणून साठी ओलांडलेला माणूस समोर बसला की बीपीचा पट्टा बांधायच्या आधी मी विचारतो, "पोथी सुरू आहे ना?" गजानन विजयचे २१ अध्याय एकवीस दिवसांत करणारा माणूस दीड महिना लावू लागला, तर त्याचं कारण मला शोधावंच लागतं.

एक अनुभव सांगतो. एक आजोबा, वय ७० च्या आसपास. बायकोला अक्षरओळख नाही, पण ४० वर्षं ऐकून ग्रामगीतेचे कितीतरी अध्याय तिला तोंडपाठ. ती त्यांना घेऊन आली आणि म्हणाली, "डॉक्टरसायेब, हे ओवीचं पयलं अक्षर खाऊन टाकतात जी. दोन दिवसांपासून. रोज नाही खात, आताच खायले लागले." आजोबा म्हणत होते मला काहीच झालं नाही, चष्मा बदलायचा आहे. मी समोर बसून माझं बोट त्यांच्या डाव्या बाजूनं हळूहळू आत आणलं. नाकासमोर येईपर्यंत त्यांना ते दिसलंच नाही, एक डोळा झाकला तरी आणि दुसरा झाकला तरी. डोळे ठीक होते. मेंदूच्या मागच्या भागात उजव्या बाजूला रक्तपुरवठा अडला होता, म्हणून डावीकडचं जग गेलं होतं, आणि त्याच्यासोबत प्रत्येक ओळीची सुरुवात. हात-पाय-तोंड सगळं नीट, त्यामुळे घरात कोणालाच लकवा वाटला नाही. त्या माउलीच्या कानानं तो झटका पकडला. पुढचा मोठा झटका आम्ही टाळू शकलो तो तिच्यामुळे.

आता तुमच्या बाबांचं. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा त्यांना लगेच डॉक्टरकडे ओढू नका. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तुम्ही स्वतः ग्रामगीता उघडा आणि त्यांच्या शेजारी बसून मोठ्यानं वाचायला लागा. काही विचारू नका, नुसतं बघा.

बाबा सरसावून बसले, तुमचा उच्चार चुकला तिथे दुरुस्त केला, "पुढं वाच" म्हणाले, तर मन शाबूत आहे, अडचण बहुतेक डोळ्यांची आहे. अभिमानी माणूस "दिसत नाही" म्हणत नाही, "मन लागत नाही" म्हणतो. १४ वर्षांच्या मधुमेहात तीन गोष्टी असू शकतात. एक मोतीबिंदू. दुसरी, डोळ्याच्या पडद्याचा मधुमेही आजार, जो दुखत नाही, लाल होत नाही आणि बाहुली मोठी करायचे थेंब टाकून पडदा तपासल्याशिवाय समजत नाही. ही तपासणी दरवर्षी व्हायला हवी. बहुतेकांची आयुष्यात एकदाही झालेली नसते. तिसरी गोष्ट साधी आहे पण तिच्यापायी लोकांचे पैसे वाया जातात: साखर खूप वरखाली होत असली की डोळ्यातलं भिंगच पाणी धरतं आणि नंबर हलतो. अशात केलेला चष्मा महिन्याभरात निकामी होतो. आधी काही आठवडे साखर जागेवर आणा, मग नंबर काढा. तुमच्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. १९६९ साली तिथे देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पडदा आणि मोतीबिंदू दोन्हींसाठी पुण्याला जायची गरज नाही.

ऐकायला बसले पण सारखा हाताचा कान करतात, टीव्हीचा आवाजही वाढलेला असतो, तर कान तपासा. आधी मळ बघा. मळ काढल्यावर रडलेले आजोबा मी पाहिले आहेत.

आवडीनं ऐकतात, पण काल काय वाचलं ते आज आठवत नाही, तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारतात, तर स्मृतीचा विचार करावा लागेल. पण लगेच विस्मरणाचा आजार म्हणून मोकळं होऊ नका. बाबा माळकरी, म्हणजे मांस-अंडी नाही, आणि १४ वर्षांपैकी बहुतेक वर्षं मेटफॉर्मिन सुरू असणार. ही गोळी चांगलीच आहे, पण वर्षानुवर्षं घेतली की शरीरातलं बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी माणसात ते आधीच काठावर असतं. पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा, उदासी, हे सगळं त्यातून होतं, आणि वेळेत कळलं तर इंजेक्शनांनी पुष्कळसं भरून येतं. बी१२ आणि थायरॉइड या दोन तपासण्या केल्याशिवाय कोणाला "डोक्यानं गेले" म्हणू नये.

आणि चौथं. तुम्ही वाचत असताना ते उठून ओट्यावर जाऊन बसले, किंवा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, तर ताई, ते उदासीचं लक्षण असू शकतं, आणि त्याला मी बीपीइतकंच महत्त्व देतो. दोन प्रश्न विचारा: गेल्या पंधरा दिवसांत कशातच रस वाटत नाही असं होतं का? मन उदास, खचलेलं वाटतं का? बहुतेक दिवशी होतं असं उत्तर आलं तर डॉक्टरला दाखवायचंच. सोबतच शोधा, चार महिन्यांपूर्वी काय झालं. कापसाच्या पैशाचं काही? सोसायटीचं कर्ज? वाटणीवरून भावकीत बोलाचाली? रोज पारावर सोबत बसणारा मित्र गेला? म्हातारा माणूस मित्राच्या मरणाचं दुःख घरात सांगत नाही. आपण विदर्भात राहतो, शेतकऱ्याच्या घरात उदासीला हलकं घेऊ नये. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यानं विचार येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. फवारणीचं औषध घरात आढ्याला टांगलेलं असेल तर ते कुलपात जाऊ द्या, किल्ली दुसऱ्याकडे. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. म्हातारपणातली उदासी औषधानं आणि बोलण्यानं बरी होते, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे.

यातलं काहीही निघालं तरी वाचन पुन्हा सुरू करायचं आहे, कारण घरातल्या दोन माणसांना रोज समोरासमोर बसवणारी तीच एक गोष्ट आहे. ठळक टाइपची प्रत आणा. दिवा डोक्यामागून, डाव्या खांद्यावरून पडेल असा लावा. मांडी घालून बसणं जमत नसेल तर खुर्चीत बसून, पोथी समोरच्या चौरंगावर उंचीला ठेवून वाचावी. यात कमीपणा नाही. आणि नजर खरंच गेली असेल तर दुसऱ्यानं वाचावं, त्यांनी ऐकावं. आपल्याच मुलखात माधानचे गुलाबराव महाराज होऊन गेले. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेतले, सांगून लिहवून घेतले, आणि १९१५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले तेव्हा मागे शंभरावर ग्रंथ होते. डोळ्यानं वाचणं जमत नाही म्हणणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला मी त्यांची आठवण करून देतो, आणि घरातल्या नातवाला समोर बसवतो.

आता आईकडे येतो, कारण पत्रात बाबांवर दोन पानं आहेत आणि आईवर चार ओळी. असंच होतं. दवाखान्यातही नवऱ्याची फाइल जाड असते आणि बायको त्या फाइलची पिशवी धरून उभी असते.

भजन गुडघ्यामुळे सुटलं असं तुम्हाला सांगितलंय. असेलही. पण ज्या बाई गुडघे दुखत असूनही स्वयंपाक करतात, शेण काढतात, विहिरीपर्यंत जातात, त्यांनी फक्त भजन सोडलं असेल तर मी एक प्रश्न एकांतात विचारतो: खोकताना, शिंकताना, उठताना लघवी निसटते का? उत्तर "हो" येतं, आणि त्यासोबत डोळ्यांत पाणी. "सोवळ्यात बसाचं, आन् लुगडं ओलं झालं तं? देवाच्या दारात कसं जाऊ?" असं एका काकूंनी मला तीन वर्षांनी सांगितलं. तीन वर्षं त्या देवळात गेल्या नव्हत्या, आणि घरचे म्हणत होते आता यांचा देवावरचा विश्वास उडाला. तुम्ही लेक आहात, तुम्हीच विचारा, किंवा गावातल्या आशाताईला विचारायला सांगा. लघवीची तपासणी, साखरेची तपासणी, बीपीची गोळी "पाण्याची" म्हणजे लघवी वाढवणारी असेल तर ती सकाळी घेणं, आणि खालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम. लघवी रोखून धरतो तसं आवळायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जपमाळेसोबत करा असं सांगितलं की बायकांच्या ध्यानात राहतं. तीन महिने नेटानं केलं तर बऱ्याच जणींना फरक पडतो.

गुडघ्यासाठी आई कोणती गोळी घेतात, ते तिच्या पत्र्याच्या डब्यात हात घालून बघा. मेडिकलवरून सुटी आणलेली दुखण्याची गोळी निघाली तर सावध व्हा. बीपीच्या काही गोळ्या, पाण्याची गोळी आणि ही दुखण्याची गोळी, तिन्ही एकत्र आल्या की किडनीवर ताण येतो, उन्हाळ्यात तर फारच. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या गुडघ्याच्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, हे मी अनेकींच्या सुजलेल्या तोंडावरून ओळखलं आहे. साधी पॅरासिटामॉल, मांडीचे व्यायाम, आणि संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची, याचा उपयोग त्याहून जास्त होतो.

आणि आईचे उपास मोजा. महिन्यात चार सोमवार, चार गुरुवार, दोन एकादश्या, एक चतुर्थी: अकरा दिवस झाले. उरलेल्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं. म्हणजे महिन्यातले जेमतेम एकोणीस दिवस त्या पोटाला तुरीचं वरण मिळतं, तेही पातळ. मग हिमोग्लोबिन कमी, हातापायात त्राण नाही, आणि पडल्यावर खुब्याचं हाड मोडतं. मी उपास सोडा म्हणत नाही. उपासाच्या दिवशी दही, ताक, शेंगदाणे, राजगिरा, दूध भरपूर घ्या, आणि बाकीच्या दिवशी भाकरीसोबत घट्ट वरण वाटीभर, बाबांच्या सोबत एकाच वेळी बसून. ही अट मी बाबांना घालतो: त्या बसल्याशिवाय तुम्ही घास घ्यायचा नाही.

बाबांच्या एकादशीचं जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण धोका खरा आहे आणि टाळता येतो. वर्षात २४ एकादश्या, अधिक महिना आला की २६. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटी सहसा साखर खाली पाडत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र तुम्ही खा किंवा खाऊ नका, स्वादुपिंडाला पिळते. सकाळी ती घेतली आणि फराळ दुपारी केला तर अकराच्या सुमारास हात थरथरतात, घाम सुटतो, माणूस बडबडतो किंवा चिडतो. घरचे म्हणतात उपासानं पित्त झालं. इन्सुलिनचंही तसंच. म्हणून एकादशीच्या दिवसाचा डोस वेगळा ठरवून घ्यायचा, डॉक्टरकडून, चिठ्ठीवर लिहून. मनानं गोळी बंद करायची नाही, मनानं घ्यायचीही नाही. मी माझ्या माळकऱ्यांना दोन चिठ्ठ्या देतो, एकीवर "रोज" आणि दुसरीवर "एकादशी" लिहिलेली.

दुसरी बाजू साखर वाढायची. आपल्याकडे एकादशी म्हणजे साबुदाण्याची उसळ, बटाट्याचा कीस, भगर आणि वरून केळं. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. एक ताटभर उसळ दुपारी गेली की साखर चढलीच. मूठभर भगर, ताकाची कढी, शेंगदाणे, काकडी, पेरू असं दिवसात तीनदा थोडं थोडं घेतलं तर उपासही होतो आणि साखरही आवरते. आणि द्वादशीला पारण्याच्या नावानं पुरणपोळी नको. घरी मशीन ठेवा. साखर ७० च्या खाली आली तर उपास तिथेच थांबवून तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. ३०० च्या वर गेली तरी उपास थांबवायचा आणि डॉक्टरला फोन. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

साखर किती हवी, यावरही बोलतो. तरुण माणसाचं उद्दिष्ट म्हाताऱ्याला लावू नये. बाबा हिंडतेफिरते असतील तर तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, साडेसातच्या आसपास चालेल. खूप आजार असलेल्या, थकलेल्या माणसाला आठही चालते. सहा-साडेसहाच्या हट्टापायी साखर पडून माणूस न्हाणीत कोसळतो, त्यापेक्षा हे बरं.

वारी. कौंडण्यपूर तुमच्या बाजूलाच, वर्धा नदीच्या काठी. रुक्मिणीचं माहेर म्हणून तिथली पालखी निघते, चारशे वर्षांहून जुनी म्हणतात, आणि महिनाभराच्या वर चाल आहे. बाबांना "नाही" म्हणण्याआधी त्यांचे पाय बघा. त्यांना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी अशा सहा बोटांच्या टोकांना आपल्या बोटानं एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा, दाबू नका. कुठे लागलं ते विचारा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय बधिर होत चालले आहेत, आणि बधिर पायानं महिनाभराची पायी वारी मी होऊ देणार नाही. असा माणूस फोडावर चालतो, फोड फुटतो, चिघळतो, त्याला पत्ताच नसतो. अनवाणी चालायचा नवस तर बिलकुल नको. चैत्रात एकांना देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना दोन्ही तळव्यांना फोड आले होते. घरी येऊन पाय धुताना बायकोनं पाहिले, त्यांना जाणवलं नव्हतं.

पाय चांगले असतील, ईसीजी आणि किडनीची तपासणी ठीक असेल, चढ चढताना छातीत दाटत नसेल, तर निघण्याच्या दीड-दोन महिने आधीपासून रोज पहाटे चालायला लावा, दोन किलोमीटरपासून सुरू करून हळूहळू वाढवत. वारीत घालणार तेच बूट, तेच मोजे. पालखी ज्येष्ठातल्या उन्हात निघते, तेव्हा दुपारची चाल दिंडीच्या गाडीतून. औषधं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, एक हरवली तर दुसरी. रोज मुक्कामाला पाय उलटून बघायचे, स्वतःला दिसत नसेल तर सोबत्यानं. आणि पूर्ण चाल जमणार नसेल तर अर्धी तरी जमते. कौंडण्यपूरहून पालखीसोबत पहिला टप्पा पायी जावं, मग एसटीनं वाखरीला पोचावं आणि तिथून शेवटची चाल माउलींच्या गर्दीत चालावी. ६५ ते ७५ वयाला एसटीत अर्धं तिकीट आहे, आईलाही अर्धं. दोघंही जाऊ शकतात. शेगावची पालखी परतते तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा लाखो माणसं चालतात, त्यातले कितीतरी माझ्याच दवाखान्यातले असतात. त्यांची वारी झालीच असं मी मानतो आणि तेही मानतात.

उन्हाळ्याबद्दल मात्र मी कडक आहे. वैशाखात पारा ४५ च्या वर जातो, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, रात्रीही भिंती पोळतात. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एका आजीला खाटेवर घालून आणलं. चार दिवसांपासून असंबद्ध बोलत होती, घरच्यांना ओळखत नव्हती. कोणी म्हणालं बाहेरची बाधा, कोणी म्हणालं डोकं फिरलं. रक्तात सोडियम ११८ निघालं, ते १३५ च्या वर असायला हवं. बीपीसाठी मीठ बंद केलेलं, पाण्याची गोळी सुरू, भूक नाही म्हणून जेवण नाही, आणि ऊन लागू नये म्हणून माठातलं नुसतं पाणी सारखं पीत होती. घामातून मीठ गेलं, लघवीतून गेलं, वरून पाण्यानं पातळ झालं. हळूहळू भरून काढलं. चौथ्या दिवशी सकाळी तिनं सुनेला विचारलं, "गाईले पाणी पाजलं का?" तेव्हा सगळं घर हसलं आणि रडलं. म्हणून मार्चच्या शेवटी, होळी झाली की, आईबाबांच्या बीपीच्या गोळ्या एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. पाण्याची गोळी उन्हाळ्यापुरती कमी करावी लागते का ते ते ठरवतील. बीपी बसून मोजायचं आणि उभं राहिल्यावर पुन्हा मोजायचं; वरचा आकडा २० नं पडत असेल तर गोळी जास्त होत असू शकते, डॉक्टरांना सांगा. ताक, चिमूटभर मिठाचं पन्हं, ज्वारीची आंबील दिवसभर थोडं थोडं. पन्ह्यात बाबांसाठी गूळ नको. अकरा ते चार घरात.

हिवाळ्याचं थोडक्यात. काकड आरतीला पहाटे जायचं तर कानटोपी-स्वेटर घालून, आंघोळ कोमट पाण्यानं, उठल्या उठल्या घाई नको. थंड पहाटे बीपी चढतं आणि हृदयाचे झटके वाढतात. शेकोटीजवळ बसताना बाबांचे तळवे विस्तवापासून लांब. पाऊस लागायच्या आधी फ्लूची लस, आणि न्यूमोनियाची घेतली नसेल तर तीही विचारून घ्या.

तुम्ही दिवाळीला चार दिवस घरी येता ना? त्यातला एक दिवस दोघांच्या तपासणीचा ठेवा: डोळ्याचा पडदा, पाय, किडनी, बी१२, हिमोग्लोबिन, कान. बाबांचं वय ७० च्या वर आहे, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. त्यात उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत होतात. आणि आईला बँकेचं पासबुक कुठे आहे, बाबांच्या गोळ्या कोणत्या, कोणाला फोन करायचा, हे सगळं सांगून ठेवायला बाबांना बसवा. दोघांपैकी कोणीतरी एक मागे राहणार आहे, हे बोलायला जड जातं, पण माझ्या दवाखान्यात मागे राहिलेल्या बायकांची तारांबळ मी फार पाहिली.

पुण्याला कायमचं आणू नका, निदान आत्ता तरी. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुपारी दोघं खिडकीशी बसलेली मला दिसतात. गावात त्यांना नावानं हाक मारणारी माणसं आहेत, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आहे, आश्विनात मोझरीला गुरुकुंजात जाणं आहे. चैत्र-वैशाखाचे दोन महिने हवं तर घेऊन जा, उन्हापुरते. कायमचं न्यायची वेळ तेव्हा येते, जेव्हा एकाला दुसऱ्याच्या गोळ्या सांभाळता येत नाहीत, किंवा सहा महिन्यांत दोनदा कोणी पडतं, किंवा चुलीवर भांडं ठेवल्याचा विसर पडतो.

गोळ्यांसाठी एक सोपी सोय सांगतो. वाचता न येणाऱ्या माझ्या रोग्यांसाठी मी कापडी बटवे शिवून घेतो: एकावर अर्धा सूर्य, दुसऱ्यावर पूर्ण सूर्य, तिसऱ्यावर चंद्र. "सकायची गोई, दुपारची गोई, रातची गोई." बाबांची नजर कमी असेल तर त्यांनाही हेच करून द्या, आणि बटवे देवघराच्या कोनाड्यात ठेवा. तिथे दिवसातून दोनदा हात जातोच.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्याकडे एक कीर्तनकार बुवा येतात, बीपीची गोळी वीस वर्षांपासून सुरू आहे. त्यांनाच मी एकदा हे विचारलं होतं. ते म्हणाले, एकादशीला मी पहाटे पूजा झाली की तळहातावर तीर्थ घेतो, त्यात तुळशीचं पान असतं, आणि त्याच घोटासोबत गोळी घेतो. वर अर्धा पेला पाणी पितो. आईला सांगा, बीपीची गोळी अशीच घ्यायची, उपासाच्या दिवशीही, रोजच्या वेळेला.